आवरणे आणि मारणे

इंदूरचा सराफा दिवसा सोन्याचांदीचा आणि रात्री खाण्याचा. मधल्या वेळेत सराफ दुकान ‘वाढवतात’. ‘बंद’ म्हणणे अशुभ. दागिने मोजायचे, हिशेब मिटवायचा, माल तिजोरीत ठेवायचा आणि मगच शटर ओढायचे. युनिक्स संगणक बंद होतो तो असाच. विद्यार्थ्यांना ते समजावताना मला नेहमी सराफा आठवतो.

युनिक्समध्ये चालू असलेल्या कार्यक्रमाला प्रोसेस म्हणतात. पहिली, म्हणजे क्रमांक १ ची प्रोसेस ‘इनिट’. ती इतर सेवा सुरू करते. एखादी सेवा कोसळली तर ती पुन्हा उभी करण्याचे काम इनिटचे किंवा तिच्या हाताखालच्या देखरेख्याचे. संगणक बंद करताना ही सवय आधी थांबवावी लागते. नाहीतर एकीकडे आवराआवर आणि दुसरीकडे मांडामांड!

मग प्रत्येक प्रोसेसला ‘सिगटर्म’ हा १५ क्रमांकाचा संकेत जातो: आता आवरते घ्या. शहाणी प्रोसेस हातातली नोंद पूर्ण करते, फाइल मिटते आणि संपते. जी ऐकत नाही तिच्यासाठी लिनक्सवरील ‘सिस्टमडी’ ही इनिट सहसा ९० सेकंद थांबते. त्यानंतर ९ क्रमांकाचा ‘सिगकिल’. तो अडवता येत नाही. अर्धी नोंद अर्धीच राहते. शेवटी उरलेला मजकूर डिस्कवर उतरवून वीज तोडली जाते.

एक अपवाद ध्यानात ठेवावा. क्रमांक १ ला कर्नल जपतो: जो संकेत हाताळण्याची सोय तिने केलेली नाही, तो आतून पाठवला तर तिच्यापर्यंत पोचतच नाही. डॉकरच्या कंटेनरमध्ये आपलाच कार्यक्रम क्रमांक १ असतो. त्यात सिगटर्मची सोय नसेल, तर बाहेरून आलेली विनंतीही वाया जाते आणि साधारण १० सेकंदांनी सिगकिल येतो.

आता शब्दांचा प्रश्न. संकेत पाठवणाऱ्या आज्ञेचे नाव ‘किल’, म्हणून आपण सरसकट ‘मारणे’ म्हणतो. पण नुसती ‘किल’ १५ च पाठवते. ती विनंती असते. ‘वाढवणे’ वापरावे, तर नवा विद्यार्थी मोठे करणे समजेल. म्हणून मी १५ ला ‘आवरणे’ आणि ९ ला ‘मारणे’ म्हणतो. दोन्हींना एकच शब्द शिकलेला विद्यार्थी आवराआवरीच्या ओळी लिहीतच नाही, आणि नोंद हरवते ती दुसऱ्या कुणाची तरी.