गर्भिणीचा रक्तक्षय आणि माकडांवरील प्रयोग

चेन्नईतील मैलापूरच्या उत्तरेस ट्रिप्लिकेन हा भाग लागतो. तेथील कस्तुरबा गांधी रुग्णालय पूर्वी ‘कास्ट अँड गोषा हॉस्पिटल’ या नावाने ओळखले जाई. १९३१ च्या आरंभी ल्युसी विल्स या इंग्रज वैद्य-संशोधिका तेथे काम करीत होत्या. गर्भिणींना होणाऱ्या एका तीव्र रक्तक्षयाचे कारण त्या शोधीत होत्या. १९२८ साली याच कामासाठी त्या मुंबईस आल्या होत्या. कापड गिरण्यांतील गरीब कामकरी स्त्रियांत हा रोग पुष्कळ आढळे आणि अनेकदा प्राणावर बेते.

गरोदरपणी रक्त काहीसे पातळ होणे स्वाभाविकच आहे. संप्रेरकांच्या प्रभावाने रक्तवाहिन्या सैल पडतात व मधल्या महिन्यांत रक्तदाब किंचित उतरतो. मग मूत्रपिंडे मीठ व पाणी राखून ठेवतात. रक्तद्रव जवळजवळ निम्म्याने वाढतो. तांबड्या पेशी मात्र त्या मानाने वाढत नाहीत. विल्स यांच्यापुढील रोग याहून निराळा होता. त्यात तांबड्या पेशी फार घटत आणि उरलेल्या पेशी नेहमीपेक्षा मोठ्या दिसत.

रोग जंतूंमुळे होतो की आहारातील उणिवेमुळे? आधी उंदरांवर प्रयोग झाले. परंतु उवांमार्फत पसरणाऱ्या संसर्गाने उंदरांचे रक्त बिघडे, आणि दोष अन्नाचा की उवांचा हे कळेना! तेव्हा ऱ्हीसस माकडे घेण्यात आली. निकृष्ट आहारावर ठेवल्यावर त्यांच्या रक्तातही तशाच मोठ्या पेशी आढळल्या. बिलिमोरिया यांच्यासह विल्स यांनी हे निष्कर्ष १९३२ साली प्रसिद्ध केले.

उपाय मात्र त्याआधीच, १९३१ मध्ये, जाहीर झाला होता. तो म्हणजे मार्माइट. मद्य गाळून उरलेल्या यीस्टचा हा अर्क स्वस्त होता. तो दिल्यावर रुग्ण स्त्रिया सुधारत. त्यातील गुणकारी द्रव्यास ‘विल्स घटक’ म्हणू लागले. १९४१ मध्ये अमेरिकेत पालकाच्या पानांतून फॉलिक आम्ल वेगळे करण्यात आले, आणि हा घटक तोच असल्याचे पुढे उमगले. ते नसेल तर अस्थिमज्जेतील पेशी वाढतात, पण त्यांना नीट विभागता येत नाही. म्हणूनच त्या मोठ्या व थोड्या असतात. गर्भाच्या वाढीमुळे त्याची गरज वाढते. गरोदर स्त्रियांना आज लोहासोबत याच आम्लाच्या गोळ्या दिल्या जातात.