जाळी स्पष्ट, पोपट पुसट!

मुलांनो, जाळीपलीकडच्या पोपटाचा फोटो कधी काढलाय? घरी येऊन बघावं, तर जाळीची तार न् तार स्पष्ट आणि पोपट म्हणजे नुसता हिरवा ठिपका! मग आपण म्हणतो, "कॅमेराच भिकार!" पण त्या बिचाऱ्याचा काय दोष? 'पोपट टिप' असं त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

हे समजून घ्यायला आधी एक प्रयोग करू. आजोबांचं पेपर वाचायचं भिंग घ्या (विचारून हं!). दुपारी, खोलीतला दिवा बंद करून, खिडकीसमोरच्या भिंतीजवळ उभे राहा. भिंग भिंतीला टेकवून हळूहळू मागं आणा. एका ठरावीक अंतरावर बाहेरचं झाड भिंतीवर उमटेल, चक्क उलटं! भिंग जरा इकडेतिकडे झालं की चित्र विस्कटलंच. समजा, झाडाचं चित्र १० सें.मी.वर उमटलं. आता भिंगासमोर ३० सें.मी.वर मेणबत्ती ठेवा. तिची ज्योत नीट दिसायला भिंग भिंतीपासून १५ सें.मी.वर न्यावं लागेल. वस्तू जवळ आली की भिंग भिंतीपासून लांब! तुमच्या भिंगाचे आकडे वेगळे येतील, ते वहीत मांडा. (पालकांनो, मेणबत्तीपाशी तुम्ही थांबा. आणि भिंगातून सूर्याकडे कुणीही, कधीही पाहायचं नाही.)

कॅमेऱ्यात भिंतीच्या जागी पूर्वी फिल्म असे, आता सेन्सर असतो. भिंग पुढंमागं करून चित्र रेखीव करायचं, यालाच म्हणतात फोकस करणं. आधी हे काम हातानंच व्हायचं, भिंगाभोवतीची कडी फिरवून. हा मॅन्युअल फोकस. काही साध्या कॅमेऱ्यांच्या कडीवर तर गंमतीची चित्रं असत: एक चेहरा, माणसांचा घोळका आणि डोंगर. आपण फक्त ठरवायचं, समोर काय आहे!

१९७७ साली जपानच्या कोनिका कंपनीनं 'सी ३५ एएफ' हा कॅमेरा आणला. तो फोकस स्वतःच करायचा. पुढच्याच वर्षी अमेरिकेतल्या पोलरॉइड कंपनीनं किडे पकडणाऱ्या वटवाघळांची युक्ती वापरली. त्यांचा कॅमेरा आपल्याला ऐकू न येणारा आवाज सोडी आणि प्रतिध्वनी परतायला किती वेळ लागला, यावरून अंतर काढी. साडेतीन मीटरवरच्या माणसाकडून आवाज सेकंदाच्या साधारण पन्नासाव्या भागात परत येतो! पण मध्ये काच आली की पंचाईत. आवाज काचेवरूनच माघारी फिरणार. राणीच्या बागेतल्या काचेमागच्या पेंग्विनपुढं त्या कॅमेऱ्यानं हातच टेकले असते.

आजचे कॅमेरे आवाज सोडत नाहीत, ते चित्रच तपासतात. एक पद्धत अशी: भिंग पुढंमागं करत राहायचं आणि काळ्या-पांढऱ्याची सीमा जिथं सर्वांत ठळक दिसेल तिथं थांबायचं. म्हणून तर कोऱ्या भिंतीपुढं किंवा अंधारात कॅमेरा चाचपडतो. त्याला सीमाच सापडत नाही. आणि जाळी? ती तर जवळ, शिवाय रेघाच रेघा! आयतीच मेजवानी. हल्लीचे बरेच कॅमेरे माणसाचा चेहरा ओळखतात खरे, पण पुढच्या रांगेतल्या काकांनी हात वर केला की स्टेजवरची तुमची ताई पुसट होऊ शकते.

मग करायचं काय? आईबाबांच्या फोनमध्ये पडद्यावर पोपटावर बोट टेकवा. अनेक फोनमध्ये बोट थोडा वेळ दाबून धरलं की फोकस तिथंच पक्का होतो. काहींत 'प्रो' नावाची सोय असते, तिथं हातानं फोकस करता येतो. जाळी दाट असेल तर हाच उपाय खरा. रोजच्या फोटोंना मात्र माझ्या मते ऑटोफोकसच बरा. वाढदिवसाला कडी फिरवत बसलात, तर केक संपून जायचा!

पण शाळेच्या शर्यतीला हातचाच फोकस वापरून बघा. फीत तुटण्याचा क्षण एकदाच येतो, 'पुन्हा पळा' असं काही म्हणता येत नाही. मैदानावर लवकर जा, बाजूला जागा धरा. शेवटच्या फक्कीच्या रेघेवर फोकस करून तो पक्का करून ठेवा. शिट्टी झाली तरी कॅमेरा हलवायचा नाही. पहिलीचा पाय रेघेवर पडणार, एवढ्यात बटण दाबा.