गटाच्या साउंडसाठी मशीन घेताना

खुर्च्या, भांडी, मांडव भाड्याने देणारे गट आता गावोगाव झाले. त्यांच्याकडे आलेलं गिऱ्हाईक लगेच पुढचं विचारतं, "साउंड पण तुमचाच का?" हळद, बारसं, डोहाळजेवण, शाळेचं गॅदरिंग, सप्त्यातलं कीर्तन, काहीच आता माइकशिवाय होत नाही. मग दोन स्पीकर, एक मिक्सर, दोन माइक आणि मशीन म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर, एवढं छोट्या हत्तीत घालून न्यायचं असा बेत ठरतो. आज फक्त मशीनबद्दल बोलू. स्पीकर निदान डोळ्यांना दिसतो, कानाला कळतो. मशीनच्या खोक्यावर नुसते आकडे असतात आणि गटाचं कर्ज त्या आकड्यांवर खर्च होतं.

आम्ही माझगावच्या बचतगटांच्या बायका. ग्रँट रोड स्टेशनच्या पूर्वेचा लॅमिंग्टन रोड, म्हणजे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, आम्हाला जवळ. इलेक्ट्रॉनिक्सचा हा जुना बाजार. गावाकडचा गट खरेदीला आला की आमच्यातलं कोणीतरी सोबत जातं. तिथे पहिलं वाक्य हमखास ऐकू येतं, "ताई, पाच हजार वॉट आहे, घेऊन जा."

त्या पाच हजारांवर जाऊ नका. वॉट मोजायच्या रीती वेगवेगळ्या आहेत. 'पीएमपीओ' असं लिहिलेला आकडा क्षणभराच्या उसळीचा, खरं तर जाहिरातीचाच असतो. आपल्याला हवा 'आरएमएस', म्हणजे मशीन सतत देऊ शकेल ती ताकद. तीही किती ओहमला, हे शेजारी लिहिलेलं असलं पाहिजे. दोन्ही बाजू जोडून 'ब्रिज' केल्यावर मिळणारा आकडा सगळ्यात मोठा असतो आणि खोक्यावर तोच ठळक छापतात. आपण दोन स्पीकर दोन बाजूंना लावणार, तेव्हा एका बाजूचा आकडा विचारा.

आता वॉट किती लागतात? स्पीकरच्या माहितीपत्रकात 'सेन्सिटिव्हिटी' म्हणून एक आकडा असतो. एक वॉट दिला तर एक मीटरवर किती डेसिबल आवाज येतो, ते तो सांगतो. समजा तो ९७ आहे. उघड्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो. म्हणजे फक्त एका वॉटवर दहा मीटरवर ७७ आणि चाळीस मीटरवर ६५ डेसिबल. एक वॉट, बायांनो! ढोलकीचा ठोका किंवा गाण्यातली उसळी स्वच्छ यावी म्हणून हाताशी बरीच जास्त ताकद ठेवावी लागते, हे खरं. पण वॉट दुप्पट केले तरी आवाज वाढतो फक्त ३ डेसिबल. कानाला आवाज दुप्पट वाटायचा तर वॉट सुमारे दहापट लागतात. त्यामुळे ९४ ऐवजी ९७ चा स्पीकर निवडला, तर अर्ध्या ताकदीचं मशीन तेवढंच काम करतं. म्हणून आमचं म्हणणं असं की आधी स्पीकर ठरवा, मग मशीन.

कायदाही इथेच आडवा येतो. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे आहेत. लाउडस्पीकरला लेखी परवानगी लागते. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर तो वाजवता येत नाही. सरकार वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस ठरवून मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं. राहत्या वस्तीची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल. कार्यक्रमाच्या सार्वजनिक जागेच्या हद्दीवर त्या मर्यादेपेक्षा १० जास्त किंवा ७५, यातलं जे कमी असेल तिथे थांबायचं. म्हणजे वस्तीत ६५. दवाखाना, शाळा, न्यायालय यांच्या भोवतीचा शंभर मीटरपर्यंतचा भाग शांतता क्षेत्र ठरवता येतो. आमच्या बाजूला जे. जे. रुग्णालय आहे, त्यामुळे हे अंतर आम्हाला पायाखालचं. पाच हजार वॉटचं मशीन घेऊन ते कानकोंड्यासारखं कोपऱ्यात वाजवायचं, तर जास्तीचे पैसे कशाला घालायचे?

हिशेब धरून सांगतो. स्पीकर प्रत्येकी ३०० वॉट आरएमएस, ८ ओहमचे असतील, तर ८ ओहमला एका बाजूने ३०० ते ४०० वॉट देणारं मशीन बघा. फार कमी ताकदीचं घेऊ नका. लहान मशीन शेवटपर्यंत पिळलं की आवाज फाटतो, आणि तो फाटका आवाज स्पीकरमधला ट्वीटर जाळतो. मशीनवर 'क्लिप'चा लाल दिवा असतो; तो सतत पेटलेला दिसला की आवाज खाली आणायचा, मग नवरदेवाचा मामा काहीही म्हणो.

ओहम म्हणजे विजेच्या वाटेतला अडथळा. ८ ओहमचे दोन स्पीकर एकाच बाजूला समांतर जोडले तर ४ ओहम होतात, चार जोडले तर २. अडथळा कमी झाला की मशीनमधून जास्त वीज ओढली जाते आणि ते तापतं. मागे 'किमान ४ ओहम' लिहिलं असेल तर एका बाजूला दोनच स्पीकर. पुढे बेसचे खोके वाढवायचा विचार असेल तर हे आजच पाहून ठेवा.

भोंग्याचं मशीन वेगळं, हेही लक्षात ठेवा. आहुजासारख्या कंपन्यांच्या अशा मशीनवर मागे १०० व्होल्टची जोडणी असते. लांब तार ओढून बरेच भोंगे लावायला ती सोयीची. काही मशीन १२ व्होल्टच्या बॅटरीवरही चालतात. ग्रामसभा, प्रचारफेरी, कीर्तन यांना उत्तम. पण नाचाच्या गाण्याचा बेस त्यातून नीट येत नाही, आणि साधा स्पीकर त्या १०० व्होल्टला जोडला तर जळेल.

वजनाचं काय? जुन्या पद्धतीच्या मशीनमध्ये लोखंडी ट्रान्सफॉर्मर असतो. उचलायला दोघी लागतात. नवी मशीन हलकी, विजेलाही कमी खाणारी. मुंबईत आम्ही हलकंच घेऊ, जिने चढायचे असतात. गावासाठी मात्र आमचं मत जड मशीनकडे झुकतं. व्होल्टेज खाली गेलं तर त्याचा आवाज दबतो, पण ते सहसा चालत राहतं, आणि तालुक्याचा मेकॅनिक ते उघडून दुरुस्त करू शकतो. हलक्या मशीनचं बोर्डच बदलावं लागतं आणि ते मुंबई-पुण्याहून येईपर्यंत लगीनसराई संपते. हलकं घ्यायचंच असेल तर किती व्होल्टपर्यंत चालतं, ते मागच्या पट्टीवर वाचा. कुठलंही घ्या, आधी तालुक्याच्या मेकॅनिकला विचारा, "यातलं तू काय दुरुस्त करतोस?" कंपनी तो सांगेल ती.

दुकानात आपलाच स्पीकर किंवा तसलाच दुसरा लावून अर्धा तास चांगल्या आवाजात वाजवायला सांगा. दोन्ही बाजू ऐका. मागे हात धरून पंखा गरम हवा बाहेर फेकतोय का बघा. गाणं बंद करून आवाज वाढवा. घूं घूं किंवा सूं सूं किती येते ते ऐका. बिलावर जीएसटी नंबर, मशीनचा क्रमांक आणि वॉरंटी, तिन्ही हवेत, आणि बिल गटाच्या नावावर. जवळच चोरबाजार आहे, तिथे जुनी मशीन स्वस्त दिसतात. बिल नसेल तर आम्ही हात लावत नाही. रविवारी येऊ नका, लॅमिंग्टन रोडची बरीच दुकानं बंद असतात.

पैशांची वाटणी आम्ही अशी सुचवतो. समजा ६० हजार आहेत, तर ३० स्पीकरला, १५ मशीनला, बाकीचे मिक्सर, माइक, तारा आणि पेटीला. तारेला कमी पैसे ठेवले की कार्यक्रमात तीच आधी दगा देते.

शेवटी जीवाचं. घूं घूं थांबावी म्हणून काही जण पिनेचा तिसरा, अर्थिंगचा पाय कापतात. ते कधीही करू देऊ नका. ओल्या मांडवात तोच पाय जीव वाचवतो. नाहीतर माइक ओठाला लागला की झटका बसतो. मिक्सर आणि मशीन एकाच बोर्डावर घेतलं की बरीचशी घूं घूं जाते. जनरेटर आधी सुरू करायचा, मग मिक्सर, सगळ्यात शेवटी मशीन. बंद करताना मशीन सगळ्यात आधी. पंख्याची जाळी दर चार-पाच कार्यक्रमांनी ब्रशने झाडा, गावच्या धुळीला तेवढं करावंच लागतं.