न दुखणारा डोळा

आता डोळ्याकडे येऊ. एड्समध्ये रक्तातल्या सीडी-4 पेशी 50 च्या खाली गेल्या, की सायटोमेगॅलो विषाणू, जो आपल्यातल्या बहुतेकांच्या शरीरात एरवी निमूट पडून असतो, डोळ्याचा पडदा पोखरू लागतो. दुखत नाही, डोळा लालही होत नाही. आम्ही तत्त्वज्ञानवाले वेदनेला जन्मभर दोष देत आलो; इथे ती नाही म्हणूनच माणूस उशिरा येतो! काळे ठिपके तरंगतात, वीज चमकल्यासारखं होतं, एका बाजूचं दिसेनासं होतं. पण दुसरा डोळा ते सांभाळून घेतो. म्हणून आपण एकेक डोळा झाकून बघायचं, आणि थेंब घालून पडदा तपासून घ्यायचा. व्हॅलगॅनसायक्लोव्हिरने पसरणं रोखता येतं, गेलेली नजर मात्र परतत नाही. आपल्याकडे एआरटी 2004 पासून सरकारी केंद्रांत मोफत मिळते. ती वेळेत सुरू झाली तर ही पाळी सहसा येत नाही.