एकवीस हजारांचे कुंपण

आज बियाणे-खताचा विषय बाजूला ठेवतो. मौदा-रामटेककडे रोवणीत असो की काटोल-सावनेरकडे कापूस वेचणीत, आम्हाला एक प्रश्न हमखास येतो, "साहेब, आमच्या बुढीचा पगार कधी चालू होईन?" हा पगार म्हणजे संजय गांधी निराधार आणि श्रावणबाळ योजनेचे अनुदान.

निराधार योजना 1980 सालची. विधवा, दिव्यांग, दुर्धर आजारी यांच्यासाठी ती; पासष्टीनंतर श्रावणबाळ. अनुदान 2019 साली 600 चे 1000 झाले, 2023 साली 1500. म्हातारीच्या हाती स्वतःचा म्हणावा असा पैसा बहुधा हाच. गोळ्या-औषध, किराणा, नातवाचा खाऊ त्यातूनच. योजना कुचकामी म्हणणाऱ्यांनी बँकेच्या रांगेत एकदा उभे राहून पाहावे.

घोडे अडते ते अटीत. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न 21 हजारांच्या आत हवे. अनुदान 600 वरून दीड हजारावर गेले, तेव्हाही ही मर्यादा जागची हलली नाही. दिव्यांगांसाठी तेवढी ती 50 हजार झाली. आता हिशेब करा. रोजी 300 रुपये धरली तर एका माणसाच्या 70 दिवसांच्या मजुरीत 21 हजार भरतात. मग मजुरीवर जगणारे कोणते घर या अटीत बसते? नाइलाजाने दाखल्यावर कमी आकडा लिहिला जातो. तलाठ्याला (नवे नाव ग्राम महसूल अधिकारी, पण गावात तलाठीच चालते) ते ठाऊक असते, अर्जदारालाही. आणि जी बाई खरी मजुरी सांगते, तीच बाहेर राहते! आमच्या मते रक्कम कमी असण्यापेक्षा ही गोष्ट वाईट.

2024 च्या अखेरीपासून पैसे थेट आधार जोडलेल्या खात्यात येऊ लागले. मधला माणूस गेला, हे बरेच झाले. पण जोडणी नसेल तर मंजूर पैसाही अडतो. शिवाय जन्मभर निंदण करून बोटे झिजलेली. यंत्र अंगठा घेत नाही. म्हातारी दोनदा बसभाडे खर्चून परत येते.

सरपंच व ग्रामसेवकांनी ग्रामसभेत लाभार्थ्यांची यादी वाचावी, कोणाचे खाते अडले ते तिथेच टिपून घ्यावे. मर्यादा वाढवण्याचा ठरावही तहसीलदारांमार्फत शासनाकडे पाठवावा. आणि घरच्यांनो, वर्षाचा हयातीचा दाखला द्यायला बुढीला एकटे पाठवू नका. पासबुक नि आधार घेऊन कोणीतरी सोबत जा.