रेडिओ मुका झाला तेव्हा

गेल्या पौषातली गोष्ट. हरभरा फुलोऱ्यात होता आणि मी एका गावी घाटेअळीसाठी कामगंध सापळे कसे टांगायचे ते दाखवत होतो. इतक्यात आमचे दादा मोटरसायकल घेऊन थेट बांधावर आले. गाडी उभी करायचेही भान नव्हते, ती तशीच आडवी टाकली आणि म्हणाले, "पोरीच्या विमानाचा संपर्क तुटलाय."

पोरगी म्हणजे माझी पुतणी. वैमानिकाचे शिक्षण घेते. व्यावसायिक परवाना मिळायला आपल्या देशात किमान २०० तास उड्डाण भरावे लागते आणि त्याचा खर्च शेतकऱ्याच्या आवाक्याबाहेरचा. दादांनी दोन एकर ओलिताची जमीन विकली तेव्हा गावाने त्यांना वेड्यात काढले होते. खरे सांगायचे तर मीही त्यांतलाच एक. त्या दिवशी ती एकटीच विमान घेऊन लांबच्या फेरीला गेली होती. टॉवरला तिचा आवाज येईना, म्हणून खोलीतल्या मैत्रिणीने घाबरून घरी फोन केला.

'संपर्क तुटला' हे शब्द आपण वर्तमानपत्रात वाचतो ते अपघाताच्या बातमीत. १८ मार्च २०२३ रोजी गोंदियाजवळच्या बिरसी विमानतळावरून उडालेले एक शिकाऊ विमान बालाघाट जिल्ह्यातल्या डोंगरात कोसळले, शिकवणारा आणि शिकणारी दोघेही गेली. त्या बातमीतही हेच शब्द होते. दादांच्या डोळ्यांपुढे तीच बातमी उभी होती. आम्ही दोघे बांधावरच्या बाभळीखाली फोन मध्ये ठेवून बसलो. पाऊण तास एक शब्द बोललो नाही.

वाचकांना मी तसे ताटकळत ठेवत नाही. पोर सुखरूप उतरली. होळीला ती घरी आली तेव्हा सारी हकिकत तिच्याकडून नीट समजून घेतली. ती सांगण्यासारखी आहे.

तिचे विमान सेसना १७२, जुन्या बनावटीचे, चार माणसांचे. आपल्या ट्रॅक्टरला असतो तसाच त्याच्या इंजिनाला बॅटरी भारणारा आल्टरनेटर असतो आणि तो पट्ट्यावर फिरतो. परतीच्या वाटेवर तो पट्टा तुटला. वीज कमी पडल्याचा दिवा समोर लागला होता, पण उन्हाच्या तिरिपेत तो तिला उशिरा दिसला. ही माझी चूक, असे तिने आपणहून सांगितले. तोवर बॅटरी उतरत आली होती. टॉवरचा आवाज आधी चिरका झाला, मग तुटक, मग काहीच नाही.

अशा वेळी काय तपासायचे याचा क्रम ठरलेला असतो. आवाजाची कळ चुकून खाली गेली का? वारंवारितेचा आकडा बरोबर आहे का? कानावरच्या यंत्राची पिन निसटली का? बहुतेक वेळा दुखणे इथेच सापडते. कधी कधी बोलायचे बटण दाबलेलेच अडकून राहते, मग त्याच वारंवारितेवरच्या इतरांचेही बोलणे बंद पडते. तिने हे सगळे पाहिले. दुसरा रेडिओ लावला. १२१.५ मेगाहर्ट्झ ही जगभर संकटासाठी राखून ठेवलेली वारंवारिता, तीही लावली. आपल्याला ऐकू येत नसले तरी समोरच्याला येत असेल, असे धरून आपण कुठे आहोत, काय करणार आहोत ते दोनदा सांगून टाकले. शिवाय ट्रान्सपॉन्डर नावाचे यंत्र असते, ते रडारला चार आकडी खूण पाठवते. त्यावर ७६०० लावले की जवळपास रडार असेल तर समजते, या विमानाचा रेडिओ बंद पडला आहे. मग तेही विझले.

मी विचारले, "वीज गेली मग इंजिन कसे चालले?" ती हसली. "काका, मॅग्नेटो!" जुन्या मोटरसायकलीला आणि फवारणी पंपाला असतो तोच. इंजिन फिरते तोवर ठिणगी पडते, बॅटरीचा संबंध नाही. विमानाला तर असे दोन मॅग्नेटो असतात. वेग दाखवणारा काटा हवेच्या दाबावर चालतो, उंचीचाही तसाच, होकायंत्राला तर काहीच लागत नाही. म्हणजे विमान होते तसेच उडत होते. गेले होते ते फक्त बोलणे.

पण एक गोष्ट भीतीदायक झाली. इंधनाचे काटे विजेवर चालणारे. ते दोन्ही हळूहळू शून्यावर येऊन बसले. आकाशात एकटी मुलगी, कानात चिडीचूप आणि समोर टाकी रिकामी! आपण डिझेलच्या टाकीत काडी घालून पाहतो, तशी उड्डाणापूर्वी दोन्ही टाक्यांत मापाची दांडी बुडवून पाहायची शिस्त असते. तिने सकाळी ती स्वतः बुडवली होती. तेवढ्या इंधनावर किती वेळ उडता येईल हे कागदावर लिहिले होते. तिने काट्यांकडे पाहणे सोडले आणि मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिले.

इकडे टॉवरमधला माणूसही गप्प बसलेला नव्हता. इतर विमानांना त्याने बाजूला थांबवले, त्यांच्याकडून तिला हाका मारवल्या. शोधाच्याही पायऱ्या ठरलेल्या असतात. संदेश यायच्या वेळेनंतर अर्ध्या तासात तो आला नाही तर पहिली पायरी अनिश्चिततेची, पुढची सावधगिरीची आणि शेवटची संकटाची.

नियम असा, की हवा स्वच्छ असेल तर दिसत राहील असेच उडायचे, जवळच्या योग्य विमानतळावर उतरायचे आणि उतरल्याबरोबर टॉवरला कळवायचे. तिला आपलेच मैदान जवळ होते. वरूनच एक फेरी मारून तिने वाऱ्याची पिशवी पाहिली, दुसरे विमान नाही ना ते पाहिले आणि टॉवरकडे नजर लावली. तिथे बंदुकीसारखा रोखून धरायचा एक दिवा असतो. स्थिर तांबडा म्हणजे दुसऱ्याला वाट दे, घिरट्या घालत राहा. लुकलुकता तांबडा म्हणजे मैदान धोक्याचे, उतरू नको. लुकलुकता हिरवा म्हणजे उतरण्यासाठी परत ये. आणि स्थिर हिरवा म्हणजे उतर.

स्थिर हिरवा दिसला. तिने पंख डावी-उजवीकडे झुलवले. दिवसा 'कळले' म्हणायची हीच रीत. पंखांमागच्या वेग कमी करणाऱ्या झडपाही विजेच्या, त्या उघडेनात. त्यामुळे नेहमीपेक्षा जास्त वेगाने आणि धावपट्टीचा लांब पल्ला घेत ती उतरली. हेही सरावात केलेलेच होते.

विमान उभे करून ती आधी टॉवरचा जिना चढली आणि मग घरी फोन केला.

होळीच्या दिवशी वहिनी पुरण वाटता वाटता हे सगळे ऐकत होत्या. त्यांनी एकच विचारले, "काटा शून्यावर आला तेव्हा घाबरली नाहीस?"

"घाबरले की. पण दांडी मीच बुडवली होती ना, आई."

दादा काही बोलले नाहीत. संध्याकाळी मात्र त्यांनी तिच्या मैत्रिणीला मुद्दाम फोन लावून बजावले, "यापुढे कळवायचे झाले तर संपर्क तुटला म्हणू नकोस बाई. रेडिओ बंद पडलाय म्हण."