हृदयाचा पाटकरी

लातूरच्या माणसाला ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट वेगळी सांगावी लागत नाही. किल्लारीच्या भूकंपातून जे वाचले, त्यांची छाती कितीतरी वेळ धडधडत राहिली. ही धडधड घडवतात हृदयाचे मज्जातंतू. हृदयाच्या स्वतःच्या रक्तपुरवठ्याशी त्यांचा काय संबंध, हे आज मी सांगणार आहे.

हृदयाला रक्त मिळते ते कोरोनरी धमन्यांतून. विश्रांतीत मिनिटाला साधारण पाव लिटर. त्यातला सुमारे ७० टक्के प्राणवायू ते तेव्हाच शोषून घेते. त्यामुळे काम वाढले की रक्तच जास्त आणावे लागते. निरोगी हृदयात हा पुरवठा चार-पाच पट वाढू शकतो.

तो वाढवतो कोण? कालव्यावर पाणी मागते शेत आणि दारे उघडतो-मिटतो पाटकरी. इथे शेत म्हणजे हृदयाचा स्नायू. काम वाढले की त्यातून निघणारी द्रव्ये बारीक धमन्या रुंदावतात. मुख्य हुकूम या मागणीचाच. म्हणून तर मज्जातंतू तोडून प्रत्यारोपण केलेले हृदयही आपली गरज भागवते.

मज्जातंतू हे पाटकरी, आणि ते दोन प्रकारचे. अनुकंपी मज्जातंतू भीतीत, श्रमात ठोके आणि जोर वाढवतात. मागणी वाढते, पुरवठाही वाढतो. पण मोठ्या धमन्यांना तेच थोडे आवळतातही. दुसरा व्हेगस, तो ठोके मंदावतो. हृदयाच्या डाव्या बाजूला बहुतेक रक्त दोन ठोक्यांमधल्या विसाव्यात मिळते, तो विसावा त्यामुळे लांबतो.

निरोगी धमनीत आवळणे जाणवत नाही. चरबीने अरुंद झालेल्या धमनीत मात्र मागणी वाढते आणि वाट आकसते. १७ जानेवारी १९९४ रोजी पहाटे लॉस एंजलिस परिसरात भूकंप झाला. त्या दिवशी हृदयविकाराने २४ जण अचानक दगावले. आधीच्या आठवड्यात रोजची सरासरी पाचच्या आत होती.

वेदनेचा निरोपही मज्जातंतूच मेंदूकडे नेतात. जुन्या मधुमेहात ते झिजतात आणि झटका न दुखताही येतो. म्हणून नांदेड-लातूरच्या मधुमेही मंडळींना माझे सांगणे आहे: अकारण दम लागला, दरदरून घाम फुटला, एकाएकी गळून गेल्यासारखे झाले, तर ‘पित्त झाले असेल’ म्हणून पडून राहू नका. छातीत कळ येण्याची वाट न बघता १०८ ला फोन करा, लगेच ईसीजी काढून घ्या.